दोन बोटं उजवीकडे

"आई, तुझी गाडी डावीकडे ओढते."

पोरगा एवढंच म्हणाला, तेही समोरची नजर न काढता, आणि मला का कोण जाणे झणकन राग आला. मे महिन्यातला रविवार, सकाळचे साडेसहा, ईस्टर्न एक्सप्रेस हायवे जवळजवळ रिकामा. लायसन हातात येऊन जेमतेम अकरा दिवस झालेला हा मुलगा, आणि मी गेली चौदा वर्षं विक्रोळी ते अंधेरी रोज गाडी हाणणारी बाई, आणि हा मला सांगतोय की गाडी ओढते. म्हटलं, नवीन आहेस, स्टेअरिंगला लटकू नकोस, हलकं धर, जाते आपोआप सरळ. तो म्हणाला, हलकं धरलंय म्हणूनच तर जातेय डावीकडे. वाद नको म्हणून मुलुंडच्या अलीकडे पेट्रोल पंपावर गाडी घ्यायला लावली, जागा बदलल्या आणि मी स्वतः बसून हायवेला लागले. सत्तरचा स्पीड, मधली लेन, ओळंबा लावल्यासारखी सरळ. म्हटलं बघ, जाते की नाही? तर म्हणतो, "जाते. पण तू तुझे हात बघ ना."

बघितले. स्टेअरिंगच्या मधोमध कंपनीचा लोगो असतो तो सरळ माझ्याकडे बघत असायला हवा, तो मान तिरकी करून उजवीकडच्या खिडकीकडे बघत होता. चांगला दोन बोटं. म्हणजे गाडी सरळ जात होती कारण मी तिला सतत, न थांबता, उजवीकडे धरून ठेवलं होतं, आणि माझ्या हातांनी ही गोष्ट मला सांगितलीच नव्हती. मागच्या सीटवर अण्णा, माझे वडील, बसले होते, कांजूरच्या मिठागरांकडे बघत. एक शब्द बोलले नाहीत. अठ्ठावीस वर्षं बेस्टची बस चालवलेला माणूस, समोर स्टेअरिंगवरून मायलेकांची जुंपलीय आणि हा माणूस मिठागरं बघतोय, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. नाही खटकलं. मी तेव्हा आपलंच खरं कसं करायचं त्या विचारात.

रात्री झोपताना मात्र उजवा खांदा दुखत होता. तो गेले कित्येक महिने दुखतोय. मी त्याला कॉम्प्युटरचा माऊस, उशी, वय अशी सगळी कारणं देऊन झाली होती.

कधीपासून, हा प्रश्न डोक्यातून जाईना. मग आठवलं. मागच्या वर्षीचा जुलै, जेव्हीएलआर म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, पवईला आयआयटीच्या मेन गेटच्या पुढे. संध्याकाळ, धो धो पाऊस, मेट्रोच्या बॅरिकेडमुळे रस्ता निम्मा, पुढच्या टेम्पोच्या मागच्या लाइटशिवाय काही दिसत नाही आणि डाव्या बाजूला पाण्याचं एक निरागस डबकं. ते डबकं नव्हतं. 'धाड' असा आवाज आला, तो कानाने ऐकला असं नाही म्हणता येणार, दाढेत ऐकला. डावं पुढचं चाक आत गेलं आणि बाहेर आलं. मी पुढे बसस्टॉपपाशी थांबून मोबाईलच्या टॉर्चमधे टायर बघितला, कुठे फुगा आलाय का, रिम वाकलीय का, काही नव्हतं. टायरच्या कडेला असा फुगा आला की आतले धागे तुटलेले असतात आणि तो टायर मग कधीही दगा देतो, एवढं मला माहीत होतं, म्हणून तेवढंच बघितलं आणि देवाचे आभार मानून घरी आले. डोक्याला मार लागलेल्या माणसाचा फक्त भांग नीट आहे ना बघावं तसं.

त्यानंतर हळूहळू एक आवाज सुरू झाला असणार. असणार म्हणते कारण मुंबईत गाडी चालवताना आवाज ऐकायचे नसतात, ऐकले तर माणूस वेडा होईल. कॉंक्रिटच्या रस्त्यावर दोन स्लॅबमधल्या सांध्यांची टकटक-टकटक, जवळपास लोकलच्या लयीत. पेव्हर ब्लॉकवर सगळी गाडी कुरकुरत दात खाते. डांबराच्या ठिगळांवर बोटीत बसल्यासारखं. या सगळ्यात डाव्या कोपऱ्यातून स्पीडब्रेकरवर एक बारीकसं 'खट' यायला लागलं तर ते कोणाला कळणार, आणि कळलं तरी काय, एफएमचा आवाज दोन आकडे वाढवला की ते जातं. मी वाढवला होता. हे आता आठवतं. लोकलमधे चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर टाकून ठाण्यापर्यंत जाणाऱ्या बाईला विचारा, तुमच्या कुठल्या पायावर जोर येतोय? ती म्हणेल कुठे काय, बसायला मिळालंय की.

मला वर्षभरापूर्वी चपलेवाल्याने हेच सांगितलं होतं. विक्रोळी स्टेशनच्या जिन्याखाली बसतात ते काका. सोल लावायला चपला दिल्या तर त्यांनी दोन्ही उलट्या करून शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, ताई, उजवी बघा, बाहेरच्या अंगाने पार गेलीय, आणि डावी नवी आहे. तुमचा डावा गुडघा दुखतो काय? मी म्हटलं नाही हो. त्यांनी काही न बोलता दाभण उचललं. दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले डावा गुडघा. इतके दिवस मी त्याला वाचवत उजव्यावर चालत होते आणि हे मला सोडून चपलेला आणि त्या काकांना माहीत होतं. तेव्हा हसून सगळ्यांना किस्सा सांगितला होता.

तर सोमवारी गाडी दाखवायला नेली. माझीच चूक, ऑफिसच्या वाटेवरचं चकचकीत टायरचं दुकान बघून नेली, काचेची केबिन, आत एसी, फुकट कॉफी. त्या आधी पोराने रविवारीच पंपावर हवा तपासून घेतली होती, चारही चाकात तेहेतीस, कारण एका बाजूची हवा कमी असली तरी गाडी त्या बाजूला जाते, हे त्याने कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेलं. दुकानात मी म्हटलं डावीकडे ओढते. दुकानदार म्हणाला अलायमेंट, बॅलन्सिंग, रोटेशन, पॅकेज आहे मॅडम. पंधरा मिनिटात गाडी मशीनवरून खाली. स्टेअरिंगचा लोगो सरळ. मला इतकं बरं वाटलं, चष्म्याचा नंबर बदलल्यावर वाटतं तसं. त्याने वर हेही सुचवलं की कॅम्बर थोडा आऊट आहे, करून टाकू का, बाराशे एक्स्ट्रा, आणि एक जॅकसारखं अवजार दाखवलं ज्याने शॉकअपलाच दाबून सरळ करतात म्हणे. कोणत्या देवाने सुबुद्धी दिली माहीत नाही, मी नको म्हटलं. आठ दिवसांत लोगो परत खिडकीकडे बघायला लागला. आता फरक इतकाच की मला ते दिसत होतं, आणि एकदा दिसायला लागल्यावर मग दुसरं काही दिसत नाही.

घरी जेवताना मी त्या दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत होते तेव्हा अण्णा ताटातली भाकरी मोडत म्हणाले, "खालचं हललेलं असेल तर वरचं सरळ करून काय होणार?" आणि परत गप्प.

अण्णांचे हात मला पहिल्यापासून आठवतात ते स्टेअरिंगवरचेच. शाळेला सुट्टी असली की कधीकधी आई मला त्यांच्या बसमधे बसवून द्यायची, मी पुढच्याच सीटवर, जाळीतून त्यांची पाठ आणि कोपरापासून खालचे हात दिसायचे. ते स्टेअरिंग म्हणजे आमच्या घरच्या परातीएवढं आणि जवळजवळ आडवं. वळणावर ते सीटवरून किंचित उठायचे, अख्खं अंग त्यावर घालायचे आणि दंडाच्या शिरा टरारून यायच्या. शाळेत मी सांगायचे की माझे वडील पैलवान आहेत. ड्युटीवर निघायच्या आधी त्यांचा एक विधी असायचा, तो मी एकदाच बघितलाय पण पक्का लक्षात आहे. सीटवर बसून स्टेअरिंग नुसतं डावी-उजवी हलवायचं, हलकं, आणि खिडकीतून मान काढून चाकाकडे बघायचं. चाक हलायच्या आधी स्टेअरिंग किती रिकामं फिरतं ते. त्याला ते 'प्ले' म्हणायचे. "दोन बोटं प्ले म्हणजे ठीक. चार बोटं झाली की किंगपिन, चाक ज्यावर वळतं तो खिळा, बघायला लावायचा." मग खाली उतरून एका लोखंडी दांडक्याने कमानपाट्यांवर टकटक, पाटा तुटलेला असला तर आवाज बद्द येतो. आणि ड्युटी संपली की काय जाणवलं ते कागदावर लिहून डेपोत द्यायचं, अगदी बारीकसारीक. दुसऱ्या दिवशी ती गाडी दुसऱ्या कोणाला मिळणार असली तरी. आई म्हणायची, घरात दोन शब्द बोलत नाही हा माणूस आणि त्या बसबद्दल निबंध लिहितो.

त्या काळच्या टॅक्स्या तर आठवतायत ना? पद्मिनीचा ड्रायव्हर सरळ रस्त्यावर पण स्टेअरिंग सारखं इकडून तिकडे हलवत बसायचा, मला लहानपणी वाटायचं की गाडी अशीच चालवतात. अण्णा हसायचे, म्हणायचे तो गाडी नाही चालवत, तो प्ले शोधतोय. २०२३ च्या सप्टेंबरमधे जुन्या लाल डबलडेकरची शेवटची फेरी होती, १५ तारखेला, अंधेरीला आगरकर चौकापासून सीप्झपर्यंत, ४१५ नंबर, तेव्हा मी हाफ डे टाकून अण्णांना घेऊन गेले होते. गर्दी, हारतुरे, मोबाईल. ते गर्दीत शिरले नाहीत, लांब उभे राहून पुढच्या चाकाकडे बघत होते. महिन्या-दीड महिन्यात पद्मिनी टॅक्सीची पण वीस वर्षांची मुदत संपली, ऑक्टोबर अखेर. आणि डिसेंबरात आई गेली. लालबागची खोली बंद करून अण्णा माझ्याकडे राहायला आले ते त्यानंतर.

तेव्हापासून ते माझ्या गाडीत पुढे डावीकडे बसतात. आणि खिडकीच्या वरचं हँडल उजव्या नाही, डाव्या हाताने घट्ट धरून ठेवतात. मी समजले वय झालंय.

मग शेवटी कुर्ला. सीएसटी रोड. तिथे एकदा शिरलं की गाडी या वस्तूबद्दलचा सगळा आदर गळून पडतो, दुकानाबाहेर बंपर टांगलेले, दिवे, दरवाजे, आरसे, जणू कोणीतरी एक प्रचंड गाडी खाऊन हाडं टाकलीयत. ऑफिसातल्या एकाने सांगितलेले चाचा एका गल्लीत मिळाले, साठीचे, डोळ्यावर दोरी बांधलेला चष्मा. त्यांनी आधी गाडी स्वतः चालवली, मला शेजारी बसवून, फक्त गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. मग उतरून पुढच्या दोन्ही रिमना हात लावला, कढईला लावून बघतात तसा. "गरम नहीं है, ब्रेक नहीं पकड रहा." मग पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावायला लावले आणि पुन्हा चक्कर. टायर खराब असता तर ओढ दुसऱ्या बाजूला गेली असती म्हणाले. नाही गेली, डावीकडेच. मला हे भयंकर आवडलं. एकेक जण बाद होतोय, कोणावर उगाच आळ नाही. मग गाडी वर घेतली. चाकाला डावी-उजवीकडून दोन हातांनी धरून हलवलं, हे टायरॉड एंडसाठी, म्हणजे स्टेअरिंगची दांडी चाकाला जोडते त्या टोकासाठी. मग वरून-खालून धरून हलवलं, हे बॉल जॉइंट आणि बेअरिंगसाठी. काही नाही. मग टॉमी घेतली, ती लांब पहार असते ना ती, आणि लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा लोखंडी हात, त्याच्या मागच्या बुशापाशी घालून नुसती अलगद उचलली. अख्खा आर्म बोटभर मागे सरकला आणि 'खट'.

तेच खट. एफएमच्या मागचं.

"इधर हाथ रखो मॅडम," चाचा म्हणाले. मी साडीत होते, ऑफिसातून आलेले, तरी वाकून हात घातला. बुश म्हणजे काय तर लोखंडाच्या दोन नळ्यांमधे भरलेलं रबर, बस. चाकाला थोडं हलता यावं पण गाडीला ते कळू नये म्हणून ठेवलेला मऊ माणूस. तो फाटला होता, पार चिरलेला, आणि आर्मही किंचित वाकलेला. म्हणजे त्या खड्ड्याने डावं चाक मागे ढकललं होतं आणि मागून धरणारं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे ब्रेक दाबला की ते अजून मागे जाणार, सोडला की पुढे येणार. अशा चाकाचं अलायमेंट कितीही वेळा करा, मशीनवर उभी असताना ते बरोबर आणि रस्त्यावर उतरली की परत आपल्या मूळ स्वभावावर. मी विचारलं, पण मग मला हाताला कसं नाही कळलं? चाचा हसले. "इलेक्ट्रिक स्टेअरिंग है ना." हे मी घरी सांगितलं तेव्हा अण्णांनी पहिल्यांदा मान वर केली. "त्या मोटरनं तुझा हात बहिरा केलाय," म्हणाले.

बुश वेगळे मिळतात पण आर्म वाकलेला म्हणून दोन्ही बाजूचे आर्मच बदलायचे ठरले, लोकल नको कंपनीचेच, यात माझे साडेसहा हजार गेले, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला जे सांगायचंय ते पुढचं आहे. नवा आर्म लावून झाला, बोल्ट घातले, आणि चाचांनी ते पूर्ण कसलेच नाहीत. पोरगा माझ्याबरोबर आला होता, त्याने विचारलं चाचा, ढिले राहिलेत. चाचांनी गाडी खाली उतरवली, चार चाकांवर उभी केली, पुढे दोनदा दाबून हलवली, मग स्वतः खाली सरपटत गेले आणि तेव्हा कसले. का तर गाडी वर लटकलेली असताना बोल्ट कसला की रबर त्या लटकलेल्या अवस्थेत पकडलं जातं, मग गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. "पहले उसको अपने वजन पे खडा होने दो, फिर टाइट करो." आजकाल घाईत कोणी करत नाही म्हणाले. मी तिथे प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून चहाचा ग्लास हातात धरून ते ऐकलं आणि मला एकदम अण्णा लालबागहून आले तो दिवस आठवला. दोन बॅगा आणि आईचं स्टोव्हवरचं पातेलं. मी पहिल्याच आठवड्यात त्यांचं सगळं वेळापत्रक लावून दिलं होतं, औषधं, फिरायची वेळ, टीव्हीची वेळ, सगळं कसून.

अलायमेंट त्याच गल्लीत, दोन दुकानं सोडून. तिथला पोरगा मराठवाड्याकडचा, बोलण्यावरून कळत होतं. चार चाकांना चार पाट्या लावल्या, समोर खांबावर कॅमेरे, आणि गाडी थोडी मागे, थोडी पुढे ढकलली, तेवढ्यावरून ते मशीन ओळखतं कुठलं चाक कसं उभं आहे. माझ्या मुलाने शंभर प्रश्न विचारले आणि त्या पोराने एकाचाही कंटाळा केला नाही. टो म्हणजे वरून बघितलं तर चाकं आतल्या अंगाला बघतात की बाहेर, आपण कोणी फेंगडं चालतं म्हणतो ना तसं. कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाक उभं आहे की कलंडलंय. आणि कॅस्टर, हे मला कधीच कळलं नव्हतं, तो म्हणाला सायकलचा पुढचा चिमटा बघा, खालून पुढे गेलेला असतो, तिरका, म्हणून तर हात सोडून चालवता येते, हँडल आपोआप मधे येतं. तुमच्या डाव्या चाकाचा तो कल कमी झाला होता, आणि ज्या बाजूचा कल कमी गाडी त्या बाजूला. या गाडीत तो कमी-जास्त करायला काही नट नाही, पार्ट बदलला की आपसूक येतो. बघा आला. स्क्रीनवर लाल आकडे हिरवे झालेले, अंश आणि मिनिटांत, घड्याळासारखे. मग स्टेअरिंगला सरळ धरून ठेवणारी दांडी लावून त्याने खाली टायरॉडचे नट फिरवले, टो पण हिरवा.

जाता जाता त्याने माझा हात धरून, म्हणजे मनगटाला धरून, आधी डावीकडे असलेल्या टायरवर ठेवला. बाहेरून आत फिरवा. गुळगुळीत. आता आतून बाहेर. किसणी. टायर सरळ फिरत नव्हता, दर फेरीला थोडा घासत, ओढत जात होता, त्यामुळे प्रत्येक ठोकळ्याची एक कड धारदार झालेली. "हे महिनाभराचं नाही मॅडम," तो म्हणाला, "लय दिवसाचं आहे. शेजारी कोण बसत असेल त्याला कळलं असणार."

शेजारी कोण बसतं?

घरी आल्यावर मी विचारलंच. अण्णा गॅलरीत पेपर वाचत होते. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले काय. म्हटलं, गाडी ओढते ते. त्यांनी पेपरची घडी घातली, नीट, चार पदरी, आणि म्हणाले, "पावसाळ्यापासून." म्हटलं, मग सांगितलं का नाही? खूप वेळ काही बोलले नाहीत, खालच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सांभाळत होतीस की तू." आणि मग जरा थांबून, "तू एकदा म्हणालीस ना, ही बस नाहीये."

म्हणाले होते. ते नवीन आले होते तेव्हा, आई जाऊन दोन महिने झाले असतील, गांधीनगरच्या सिग्नलला मी अडकलेले, ऑफिसचे फोनवर फोन, मागून हॉर्न, आणि हे शेजारून शांतपणे म्हणाले की क्लचवर पाय ठेवून नको चालवू, प्लेट जाईल. मी म्हटलं होतं, अण्णा, ही बस नाहीये. आणि तुम्ही ड्युटीवर नाही आहात. दुसरं वाक्य ते त्या दिवशी गॅलरीत बोलले नाहीत पण मला ते जसंच्या तसं, माझ्याच आवाजात ऐकू आलं. जवळजवळ वर्ष. जवळजवळ वर्षभर हा माणूस माझ्या डाव्या बाजूला बसून, प्रत्येक दुभाजक, प्रत्येक बॅरिकेड, फुटपाथची प्रत्येक कड आपल्या अंगावर येताना बघत होता, कारण गाडी ओढणार ती त्यांच्याच बाजूला, आणि हँडल धरून गप्प बसत होता. मला राग आला. स्वतःचा यावा हे बरोबर झालं असतं, पण खरं सांगायचं तर त्यांचाही आला. दुसऱ्या कोणाला मिळणाऱ्या बससाठी कागद भरून तक्रार लिहायचात, आणि मला नाही सांगितलंत? हे मी बोलले नाही. आत जाऊन कुकर लावला. पोराने विचारलं काय झालं, म्हटलं शिट्ट्या मोज.

गाडी आता सरळ आहे आणि गंमत म्हणजे मी नाही. पहिले चार-पाच दिवस मी जेव्हीएलआरला सारखी उजव्या लेनमधे घुसत होते, मागून शिव्या खात, कारण हातांना कोणी सांगितलंच नव्हतं की आता धरून ठेवायचं काम संपलंय. ते आपले इमानेइतबारे दोन बोटं उजवीकडे.

परवा अण्णांना डोळे तपासायला मुलुंडला घेऊन चालले होते. हायवेला लागले. त्यांचा डावा हात वर हँडलला. ऐरोलीच्या पुलाच्या पुढे एक टँकर हॉर्न मारत गेला तेव्हा कळलं की मी परत उजवीकडे सरकतेय.

"सोड," अण्णा म्हणाले.

"काय?"

"हात. ढिले सोड. जाईल ती."

सोडले. म्हणजे बोटं नुसती टेकवून ठेवली. गाडी गेली. सरळ, एकदम सरळ, लोगो माझ्याकडे बघतोय, मी श्वास धरलेला, आणि मग बऱ्याच पुढे जाऊन हळूच, अगदी हळू, डावीकडे. माझ्या पोटात गोळा. "अण्णा, परत ओढतेय!"

"ओढत नाही. रस्त्याचा ढाळ आहे तो. पाणी कडेला जायला नको?" ते काचेतून पुढे बघत होते, मिठागरांकडे नाही. मग, मला वाटतं मुलुंडचा सिग्नल आला होता आणि मी गिअर खाली घेतला होता, ते म्हणाले, "आणि तो पाय."

मी क्लचवरचा पाय काढला.